एकाच प्रोसेसचे पाच आकडे

लिनक्सच्या कुठल्याही यंत्रावर एखादी साधीसुधी सिस्टिम प्रोसेस, म्हणजे चालू असलेला कार्यक्रम, घ्या. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन चालेल. तिची प्रायॉरिटी, म्हणजे सीपीयूच्या रांगेतलं स्थान, किती, असं टॉपला (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) विचारलं तर तो २० सांगतो. पीएस या तशाच दुसऱ्या कमांडला -एल लावून विचारलं तर ८०. त्याच पीएसला -ओ पीआरआय असं सांगितलं तर १९. नाइसचा रकाना ० म्हणतो, आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतल्या हिशेबात ती १२० वर असते. पाचही उत्तरं बरोबर आहेत. प्रोसेस एकच, सीपीयूवरचा तिचा हक्कही एकच. फूटपट्ट्या तेवढ्या पाच.

माणूस पडद्याकडे बघत असतो तेव्हा हा घोळ खपून जातो, कारण नजर आपोआप शेजारच्या ओळींशी तुलना करते. स्क्रिप्टला, म्हणजे कमांड आपोआप चालवणाऱ्या फाइलीला, ती सोय नाही. "प्रायॉरिटी १० च्या वर गेली की कळव" असं तिला सांगितलं की ती मुकाट्याने तेवढंच करते, आणि रकाना चुकीचा निवडला असेल तर नेमकं उलटं कळवते. म्हणून चालू प्रोसेसची प्रायॉरिटी तपासणाऱ्या स्क्रिप्टचं निम्मं काम कोड लिहिण्याआधीच होतं: कोणता आकडा वाचायचा हे ठरवताना.

(या लेखात कमांड, पर्याय आणि फाइलींचे पत्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

फूटपट्ट्या कुठून आल्या

मूळ आकडा नाइसचा. तो उणे २० पासून १९ पर्यंत जातो, काहीच सांगितलं नाही तर ० असतो. नाव चमत्कारिक वाटतं, पण "भिडस्त" असा अर्थ घेतला की गुंता सुटतो. आकडा जितका मोठा तितकी प्रोसेस भिडस्त, म्हणजे "तुम्ही व्हा पुढे" म्हणणारी. उणे २० वाली कुणाची भीड धरत नाही.

बाकीचे चार आकडे याच्यावरच बेतलेले आहेत. कर्नल १२० मध्ये नाइस मिळवतो, म्हणून साध्या प्रोसेस १०० ते १३९ मध्ये बसतात. त्याखालचे ० ते ९९ हे रिअल टाइम, म्हणजे उशीर न चालणाऱ्या, प्रोसेससाठी राखीव. टॉपचा पीआर रकाना २० अधिक नाइस दाखवतो, म्हणजे ० ते ३९. पीएस -एल त्यात आणखी ६० घालतो, म्हणून ८०. इथपर्यंत लहान आकडा म्हणजे रांगेत पुढे. मात्र पीएस -ओ पीआरआय हा ३९ मधून टॉपचा आकडा वजा करतो आणि दिशाच फिरते: तिथे मोठा आकडा म्हणजे पुढे.

सगळ्यात जास्त फसवतो तो १९. पीआरआयच्या रकान्यात १९ दिसला तर ती अगदी सामान्य प्रोसेस असते, नाइस ० ची. नाइसच्या रकान्यात १९ दिसला तर ती रांगेच्या अगदी शेपटाला असते. दोन्ही रकाने पीएसच छापतो, शेजारी शेजारी. स्क्रिप्टमध्ये पीआरआय हा शब्द दिसला तर तो खोडून एनआय (नाइसचा रकाना) लिहावा, असा सरळ नियम करून टाकला तरी चालेल. कच्चा आकडा हवाच असेल तर पीएसला -ओ प्रायॉरिटी असं पूर्ण नाव द्यावं. तो कर्नल जे प्रोसेसच्या स्टॅट फाइलीत लिहितो तेच, कसलीही बेरीज-वजाबाकी न करता, दाखवतो.

आता नाइसचा एक आकडा म्हणजे प्रत्यक्षात किती? कर्नलमध्ये यासाठी वजनांचा तक्ता आहे. नाइस ० चं वजन १०२४, १ चं ८२०, ५ चं ३३५, १० चं ११० आणि १९ चं फक्त १५. उलट बाजूला उणे १ चं १२७७ आणि उणे २० चं ८८,७६१. प्रत्येक पायरीला साधारण सव्वापट. एकाच सीपीयूवर नाइस ० आणि नाइस ५ च्या दोन भुकेल्या प्रोसेस सोडल्या तर वाटणी १०२४ ला ३३५ अशी होते. पहिलीला ७५ टक्के, दुसरीला २५. नाइस १० असेल तर ९० ला १०. १९ असेल तर दुसरीच्या वाट्याला दीड टक्कासुद्धा येत नाही. २००७ साली २.६.२३ या कर्नलमध्ये सीएफएस शेड्युलर (सीपीयू कोणाला कधी द्यायचा हे ठरवणारा भाग) आला तेव्हापासून वजनांची ही पद्धत आहे, आणि ६.६ मध्ये त्याची जागा ईईव्हीडीएफ या नव्या शेड्युलरने घेतली तरी वजनं तीच राहिली.

यातला "भुकेल्या" हा शब्द महत्त्वाचा. सीपीयू रिकामा असेल तर नाइस १९ ची प्रोसेसही पूर्ण वेगाने धावते. नाइस १९ दिसला म्हणून प्रोसेस मंद आहे असं ठरत नाही. तिच्याबरोबर कुणी भांडतंय का हे बघावं लागतं. ४.२० पासूनच्या कर्नलमध्ये /प्रॉक/प्रेशर/सीपीयू ही फाइल तेच सांगते: गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ कोणाला ना कोणाला सीपीयूची वाट बघावी लागली.

आधी जात बघा, मग आकडा

नाइस फक्त साध्या आणि बॅच वर्गांतल्या प्रोसेसना लागू पडतो. कर्नलकडे वेगवेगळे शेड्युलिंग वर्ग आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आहे: ० म्हणजे साधा, १ फीफो, २ राउंड रॉबिन, ३ बॅच, ५ आयडल, ६ डेडलाइन. पीएसच्या सीएलएस रकान्यात हेच अनुक्रमे टीएस, एफएफ, आरआर, बी, आयडीएल आणि डीएलएन असे दिसतात.

फीफो आणि राउंड रॉबिन हे रिअल टाइम वर्ग. त्यांना १ ते ९९ असा वेगळा आकडा असतो आणि तिथे मोठा म्हणजे वरचा. १ क्रमांकाची रिअल टाइम प्रोसेससुद्धा नाइस उणे २० वालीच्या पुढे जाते, त्यात वजनाबिजनाचा प्रश्न येत नाही. अशी प्रोसेस अनंत फेऱ्यात अडकली तर यंत्र गोठू नये म्हणून कर्नल पूर्वापार एक मर्यादा घालत आला आहे: दर १० लाख मायक्रोसेकंदांत रिअल टाइमला जास्तीत जास्त साडेनऊ लाख. उरलेल्या ५ टक्क्यांत तुम्ही लॉगिन करून तिला मारायचं.

आयडल वर्ग याच्या दुसऱ्या टोकाला. त्याचं वजन ३, म्हणजे नाइस १९ च्या पाचव्या हिश्शाएवढं, आणि तिथे नाइस कितीही ठेवला तरी फरक पडत नाही. डेडलाइन वर्गात तर एक आकडाच नसतो; किती वेळ काम, कधीपर्यंत आणि दर किती वेळाने असे तीन आकडे असतात. ते सीएचआरटी या कमांडला -पी आणि पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देऊन बघता येतात.

म्हणून स्क्रिप्टने मागायची ओळ अशी:

पीएस -ई -ओ पीआयडी= -ओ सीएलएस= -ओ एनआय= -ओ आरटीप्रायो= -ओ कॉम=

प्रत्येक रकान्यासाठी -ओ वेगळा दिला आहे, आळस म्हणून नव्हे. बरोबरीच्या चिन्हापुढे काही न लिहिल्याने शीर्षकाची ओळ गायब होते. पण सगळे रकाने स्वल्पविरामाने जोडून एकाच -ओ मध्ये दिले तर काही ठिकाणी बरोबरीनंतरचं सगळं, स्वल्पविरामासकट, पहिल्या रकान्याचं शीर्षक समजलं जातं आणि रकाना एकच उरतो. वेगळे -ओ सगळीकडे चालतात. प्रोसेसचं नाव मुद्दाम शेवटी ठेवायचं, कारण नावात मोकळी जागा असू शकते. टीमक्स या टर्मिनल सांभाळणाऱ्या कार्यक्रमाचा सर्व्हर स्वतःचं नाव दोन शब्दांचं ठेवतो. नाव मधे ठेवलं तर त्याच्या पुढचे सगळे रकाने एका घराने सरकतात.

टॉपचं आउटपुट फोडण्याचा मोह टाळावा. टॉपला -बी -एन १ देऊन ते फाइलीत घेता येतं खरं, पण टॉपचे रकाने प्रत्येक वापरकर्त्याच्या सेटिंगप्रमाणे बदलतात. कुणी तरी कधी तरी एक रकाना लपवून सेटिंग जतन केलं की स्क्रिप्ट गप्प राहून भलताच आकडा वाचू लागते. शिवाय सगळ्यात वरच्या रिअल टाइम प्रोसेससमोर टॉप आकड्याऐवजी आरटी ही दोन अक्षरं छापतो.

पीएसमध्येही अक्षरांचा असा एक सापळा आहे, आणि बहुतेक स्क्रिप्ट इथेच पडतात. रिअल टाइम प्रोसेसला नाइस लागू नाही म्हणून एनआयच्या रकान्यात आकडा येत नाही, आडवी रेघ येते. बॅश या शेलच्या चौकटी कंसात ती रेघ -एलटी (पेक्षा कमी) लावून ० शी ताडली तर "पूर्णांक हवा होता" अशी तक्रार येते, अट खोटी ठरते आणि स्क्रिप्ट पुढे जाते. क्रॉनमधून चालत असेल तर ती तक्रार वाचणारं कोणी नसतं. रकाने फोडून देणारा ऑक आणखी बिलंदर: तो तक्रारही करत नाही. आकडा नसलेली गोष्ट आकड्याशी ताडायची म्हटल्यावर तो दोघांना अक्षरं समजतो, आणि अक्षरांच्या क्रमात रेघ शून्याच्या आधी येते. म्हणजे "नाइस शून्याहून कमी" या अटीत सगळ्या रिअल टाइम प्रोसेस गुपचूप जाऊन बसतात.

उपाय सोपा आहे. आधी दुसरा रकाना बघायचा. तो टीएस असेल तरच एनआय आकडा म्हणून वाचायचा. एफएफ किंवा आरआर असेल तर आरटीप्रायो, म्हणजे रिअल टाइमचा आकडा, वाचायचा. साध्या प्रोसेससाठी त्या रकान्यात रेघ असते, तेव्हा तिकडेही हीच काळजी. बाकी काहीही असेल तर वर्गाचं नाव तसंच कळवायचं. ऑकमध्ये हे तीन ओळींचं काम आहे.

नावाबद्दल एक गोष्ट राहिली. कर्नल प्रोसेसच्या नावाची फक्त १५ अक्षरं ठेवतो. सिस्टिमडी-जर्नलडी (लॉग साठवणारी सेवा) हे नाव रोमनमध्ये १६ अक्षरांचं आहे, त्यामुळे यादीत शेवटचा डी कापला जातो. स्क्रिप्टमध्ये पूर्ण नाव लिहून बरोबरीची तुलना केली तर ती प्रोसेस जन्मात सापडणार नाही, आणि "सेवा बंद आहे" असा खोटा गजर होत राहील. नावावरून प्रोसेस शोधणाऱ्या पीग्रेपलाही हेच लागू. पूर्ण नाव हवं असेल तर पीग्रेप -एफ वापरून सगळी कमांड ओळ तपासावी, पण मग शोधणाऱ्या स्क्रिप्टची स्वतःची ओळही सापडू शकते हे लक्षात ठेवावं. सिस्टिमडी या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाच्या सेवांसाठी सिस्टिमसीटीएल शो -पी मेनपीआयडी विचारून थेट पीआयडी घेणं जास्त भरवशाचं.

पीएस नसेल तेव्हा

राउटरसारख्या छोट्या उपकरणांवर बिझीबॉक्स या आटोपशीर कमांडसंचातला पीएस असतो आणि त्याला हे सगळे रकाने येत नाहीत. तिथे /प्रॉक/पीआयडी/स्टॅट ही फाइल सरळ वाचायची. पीएस आणि टॉपही शेवटी तिथूनच वाचतात. एका ओळीत पन्नासेक घरं असतात: १८ वं प्रायॉरिटी, १९ वं नाइस, ४० वं रिअल टाइम आकडा, ४१ वं वर्गाचा क्रमांक. साध्या प्रोसेससाठी १८ व्या घरात ० ते ३९, म्हणजे टॉपचाच आकडा. रिअल टाइमसाठी तिथे उणे २ ते उणे १०० असतं: रिअल टाइम आकड्यात एक मिळवायचा आणि उणे करायचं. ९९ चे उणे १००, ५० चे उणे ५१.

घरं मोजताना मोकळ्या जागेवर फोडू नका. दुसरं घर प्रोसेसच्या नावाचं असतं, कंसात, आणि नावात मोकळी जागाच काय, कंसही असू शकतात. सिस्टिमडी लॉगिन केलेल्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी एसडी-पॅम नावाची एक प्रोसेस ठेवतो. तिच्या नावातच कंस आहेत, म्हणून फाइलीत ते दुहेरी दिसतात. खात्रीची रीत एकच: ओळीतला शेवटचा उजवा कंस शोधायचा, त्याच्यापर्यंतचं सगळं कापायचं, आणि उरलेल्याची घरं मोजायची. आता दोन घरं कमी झाली, म्हणून नाइस १९ ऐवजी १७ व्या घरात, वर्ग ४१ ऐवजी ३९ व्या घरात. बॅशमध्ये दोन हॅशवाली काटछाट हे एका फटक्यात करते आणि नवी प्रोसेसही सुरू करावी लागत नाही.

पायथनमध्ये लिहायचं असेल तर ओएस मॉड्यूलमधलं गेटप्रायॉरिटी नाइस देतं आणि शेड-गेटशेड्युलर वर्गाचा क्रमांक देतं. दुसऱ्यात एक खोच आहे. आवाजाच्या कामासाठी आरटीकिट हा कार्यक्रम ज्या थ्रेडना (प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्यांना) रिअल टाइम बनवतो त्यांच्यावर "मुलांना, म्हणजे त्यांनी सुरू केलेल्या प्रोसेसना, हा वर्ग देऊ नये" अशी खूणही लावतो, आणि ती खूण त्याच आकड्यात मिसळून येते. मग राउंड रॉबिनसाठी २ च्या जागी १०७३७४१८२६ मिळतात. ताडण्याआधी १०७३७४१८२४ ची ती खूण काढून टाकावी. सीएचआरटीच्या उत्तरातही वर्गाच्या नावाला ही खूण चिकटलेली असते, तेव्हा तिथे पूर्ण शब्दाची बरोबरी करू नये. सी मध्ये लिहिणाऱ्यांसाठी जुनाच इशारा: गेटप्रायॉरिटीने उणे १ परत केला तर ती चूकही असू शकते आणि खरा नाइसही. आधी एररनो (चूक नोंदवणारा चल) शून्य करून ठेवायचा आणि मग तो बदलला का ते बघायचं.

प्रोसेस नव्हे, थ्रेड

पुस्तकी व्याख्येत नाइस प्रोसेसचा असतो. लिनक्समध्ये तो प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो. चालू प्रोसेसचा नाइस बदलणाऱ्या रीनाइसला -एन १० -पी आणि पीआयडी दिला की फक्त मुख्य थ्रेडचा नाइस बदलतो. आधीच चालू असलेले चाळीस थ्रेड होते तिथेच राहतात. डेटाबेस किंवा जावाची सेवा असेल तर खरं काम त्या चाळिसांत चाललेलं असतं, आणि मुख्य थ्रेड बहुधा झोपलेला. पीएस मात्र समाधानाने नाइस १० दाखवतो, कारण साध्या यादीत तो मुख्य थ्रेडचाच आकडा छापतो.

म्हणून अशा सेवांसाठी वरच्या ओळीत -एल घालायचा (मोठा एल, लहान एल म्हणजे ती ८० वाली यादी) आणि एलडब्ल्यूपी (थ्रेडचा क्रमांक) हा रकाना वाढवायचा. मग दर थ्रेडमागे एक ओळ येते. फाइली वाचत असाल तर /प्रॉक/पीआयडी/टास्क या फोल्डरमध्ये प्रत्येक थ्रेडची स्वतःची स्टॅट फाइल आहे. एकाच पीआयडीखाली दोन वेगळे नाइस दिसले तर कुणी तरी अर्धवट रीनाइस केलं आहे, किंवा कार्यक्रमाने स्वतःच काही थ्रेड मुद्दाम मागे ठेवले आहेत.

काय दिसलं तर घाबरायचं नाही

पहिल्यांदा अशी स्क्रिप्ट चालवली की ती धडाधड गजर करते, कारण कर्नलचे स्वतःचे थ्रेड साध्या मापात बसत नाहीत. मायग्रेशन नावाचे थ्रेड, दर सीपीयूमागे एक, फीफो ९९ वर असतात. के-वर्करच्या नावाच्या शेवटी मोठा एच असेल तर नाइस उणे २०. आयआरक्यू ने सुरू होणारे थ्रेड फीफो ५०. के-एसएम-डी नाइस ५, के-ह्यूजपेज-डी नाइस १९. हे सगळं जसं असायला हवं तसंच आहे. कर्नलचे थ्रेड ओळखणं सोपं: त्यांचा आईबाप पीआयडी २ असतो. पीएसला --पीपीआयडी २ -पी २ --डिसिलेक्ट दिलं की ते सगळे गळतात. फक्त तेव्हा -ई देऊ नये.

त्याबाहेरही काही सेवा जाणूनबुजून वेगळ्या असतात. ऑडिट-डी स्वतःला उणे ४ वर नेतो. पल्सऑडिओ आणि पाइपवायर उणे ११ मागतात, नाहीतर आवाज तुटतो. तेव्हा कोऱ्या पाटीवर नियम लिहिण्यापेक्षा, यंत्र ठणठणीत असताना एकदा यादी काढून ती फाइलीत ठेवावी आणि पुढे फक्त फरक कळवावा. नाव, वर्ग आणि आकडा एवढंच साठवावं. पीआयडी साठवण्यात अर्थ नाही, रीबूटनंतर तो बदलणारच.

फरक सापडला तर तो आला कुठून? बहुतेक वेळा वारशाने. नाइस आईकडून मुलाकडे जातो. नाइस १० वर चालणाऱ्या बॅकअप स्क्रिप्टने शेवटी एखादा सर्व्हर थेट स्वतःच सुरू केला, तर तो सर्व्हरही १० घेऊन जन्माला येतो आणि पुढचे कित्येक महिने दुपारच्या गर्दीत मागे पडत राहतो. सिस्टिमसीटीएलने सुरू केला तर असं होत नाही, कारण तेव्हा त्याला जन्म देतो तो सिस्टिमडी. दुसरं कारण झेडशेल, बॅशसारखाच दुसरा शेल. शेवटी अँड चिन्ह लावून मागे ढकललेल्या प्रत्येक कामाला झेडशेल आपणहून नाइस ५ देतो. हे बॅशमध्ये होत नाही, म्हणून दोघांच्या यंत्रांवर एकाच कमांडचा वेग वेगळा का, यावर वाद झडतात. झेडशेलमध्ये बीजी-नाइस हा पर्याय बंद केला की ते थांबतं.

सिस्टिमसीटीएल शो -पी नाइस असं विचारलं तर सेवेच्या फाइलीत काय लिहिलंय ते कळतं. चालू प्रोसेसचा आकडा कळत नाही. कुणी हाताने रीनाइस केलं असेल तर इथे पत्ता लागत नाही. दोन्ही आकडे काढून ताडणं हीच खरं तर सगळ्यात उपयोगी तपासणी आहे: लिहिलेला एक आणि चाललेला दुसरा असेल तर मधे कोणाचा तरी हात आहे.

आकडा बरोबर, तरी परिणाम शून्य

आता सगळ्यात नावडता भाग. नाइस ही तुलना आहे, आणि ती फक्त एका गटाच्या आत होते. २०११ च्या २.६.३८ कर्नलपासून ऑटोग्रूप नावाची सोय आहे: प्रत्येक सत्राचा एक गट, आणि सीपीयू आधी गटांमध्ये वाटला जातो. ती चालू असेल (/प्रॉक/सिस/कर्नल/शेड_ऑटोग्रूप_एनेबल्ड मध्ये १), तर एका टर्मिनलमधली नाइस १९ ची प्रोसेस आणि दुसऱ्या टर्मिनलमधली नाइस ० ची प्रोसेस एका सीपीयूवर अर्धा-अर्धा वाटा घेतात. भिडस्तपणा स्वतःच्या घरापुरता. /प्रॉक/पीआयडी/ऑटोग्रूप फाइलीत गटाचा क्रमांक आणि गटाचा वेगळा नाइस दिसतो.

सीग्रूपचंही, म्हणजे सिस्टिमडी प्रोसेस ज्या गटांत ठेवतो त्यांचंही, तसंच. ज्या सेवांना सिस्टिमडीने सीपीयूवेट दिलं आहे तिथे वाटणी त्या वजनावर होते. ते १ ते १०,००० असतं, न सांगितल्यास १००. स्क्रिप्टने /प्रॉक/पीआयडी/सीग्रूप वाचून गटाचा पत्ता घ्यावा आणि /सिस/एफएस/सीग्रूप खाली त्या पत्त्यावर सीपीयू.वेट फाइल आहे का बघावं. असेल तर तो आकडाही अहवालात छापावा, कारण तिथे नाइसपेक्षा त्यालाच जास्त किंमत आहे. नसेल तर त्या पातळीवर गटवाटणी चालू नाही.

आणि कधी भांडण सीपीयूचं नसतंच, डिस्कचं असतं. त्यासाठी आयओनाइस -पी. उत्तर "नन" आलं तर कर्नल नाइसवरूनच अंदाज बांधतो: नाइस अधिक २०, भागिले ५. नाइस ० ला ४. बीएफक्यूसारखा डिस्क शेड्युलर याला मान देतो. एनव्हीएमई डिस्कवर बहुधा कुठलाच शेड्युलर नसतो, तेव्हा तिथे हा आकडा नुसता शोभेचा.

चालवताना

यादी काढणं आणि फाइल वाचणं यांच्या मधल्या क्षणात प्रोसेस संपू शकते. ही चूक नव्हे. फाइल सापडली नाही तर पुढे जावं. उलट बाजू जास्त धोक्याची: प्रोसेस संपून तोच पीआयडी दुसऱ्याच प्रोसेसला मिळणं. नुसतं वाचत असाल तर एखादी ओळ चुकेल. पण स्क्रिप्ट रीनाइसही करणार असेल तर स्टॅटमधलं २२ वं घर, म्हणजे सुरू झाल्याची वेळ, आधी टिपून ठेवावं आणि बदल करण्याच्या क्षणी पुन्हा ताडावं.

वाचायला रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) लागत नाही, पण प्रॉक हिडपीआयडी=२ ने जोडलं असेल तर साध्या वापरकर्त्याला इतरांच्या प्रोसेस दिसतच नाहीत. कंटेनरच्या आत तर फक्त कंटेनरच्याच दिसतात. दोन्ही वेळा यादी रिकामी नसते, नुसती तोकडी असते, आणि स्क्रिप्ट "सगळं ठीक" म्हणते. म्हणून यादीत पीआयडी २ आणि त्याचं नाव के-थ्रेड-डी दिसतंय का हे सुरुवातीलाच तपासावं. नसेल तर ३ हा एक्झिट कोड देऊन थांबावं. नेगिऑस या देखरेखीच्या साधनाच्या रिवाजात ० म्हणजे ठीक, १ इशारा, २ गंभीर आणि ३ म्हणजे माहीत नाही.

विंडोजवर हेच काम करायचं तर फूटपट्ट्यांचा घोळ तिथेही आहे, फक्त दोनच आहेत. पॉवरशेलच्या गेट-प्रोसेसमध्ये प्रायॉरिटीक्लास हे नाव देतं आणि बेसप्रायॉरिटी हा आकडा: आयडल ४, नॉर्मलखाली ६, नॉर्मल ८, नॉर्मलवर १०, हाय १३, रिअलटाइम २४. इथे मोठा आकडा म्हणजे पुढे. काही संरक्षित सिस्टिम प्रोसेसचा प्रायॉरिटीक्लास ॲडमिनलाही मिळत नाही, रकाना रिकामा येतो; अशा वेळी विन३२_प्रोसेस या वर्गाचा प्रायॉरिटी गुणधर्म विचारला तर आकडा मिळतो. पण तोच आकडा त्याच वर्गाच्या सेटप्रायॉरिटीला परत देऊ नका. तिला वेगळीच यादी कळते: नॉर्मल ३२, आयडल ६४, हाय १२८, रिअलटाइम २५६, नॉर्मलखाली १६,३८४ आणि नॉर्मलवर ३२,७६८. वाचताना ८ मिळालेली प्रोसेस पुन्हा नॉर्मल करायची असेल तर लिहायचे ३२.